बेसबॉलमधला सर्वात गाजलेला क्षण कोणता? क्रिकेटवाल्याला कळेल असा सांगाल का?

शाळेच्या पेपरात लिहायचं असेल तर १५ एप्रिल १९४७: आधुनिक मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून पहिल्यांदा उतरला तो दिवस. महत्त्व त्यालाच. पण 'क्रिकेटवाल्याला कळेल' म्हणताय, तर बिल बकनर.

२५ ऑक्टोबर १९८६, न्यूयॉर्क, वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे बेसबॉलच्या सात सामन्यांच्या फायनलचा, सहावा सामना. बकनरचा संघ बोस्टन रेड सॉक्स न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध मालिकेत ३-२ पुढे. १९१८ पासून विजेतेपद नाही. दहाव्या इनिंगमध्ये ५-३ अशी आघाडी, मेट्सचे दोन आउट (तिसरा गेला की खेळ खलास), बेसवर चिटपाखरू नाही. तिथून लागोपाठ तीन सिंगल (फटका मारून फर्स्ट बेस गाठणं), ५-४. मग बोस्टनचा बॉलर स्टॅन्लीचा बॉल कॅचरला चुकवून मागे, ५-५. आणि मग मेट्सच्या मूकी विल्सनचा सरपटी फटका फर्स्ट बेसवरच्या बकनरच्या पायांमधून आरपार. ६-५.

लोकांना आठवतात ते फक्त पाय. बरोबरी त्याआधीच झाली होती, हे कोणी बोलत नाही. सातवा सामना बाकी होता, त्यातही बोस्टन ३-० पुढे होतं आणि ८-५ने हरलं, तेही कोणी बोलत नाही.

मला हे इतकं का लागतं? १९९६, डोंबिवली, सोसायट्यांची टेनिस बॉल फायनल. शेवटची ओव्हर दादाची. समोरच्यांना पाच हव्या होत्या. पहिला बॉल सुंदर, डॉट. मग लागोपाठ तीन वाइड, त्यातला एक तर किपरलाही सापडला नाही, पळून एक जास्तीची. स्कोअर लेव्हल. पुढचा बॉल मिडऑनला माझ्याकडे आला, खडीवर जरा उडाला आणि पायांमधून थेट गटाराच्या कठड्याला. त्या रात्री दादा माझ्याशी बोलला नाही. पुढे त्याच्या साखरपुड्यात वहिनींशी माझी ओळख करून दिली ती अशी: "हा धाकटा. फायनल यानेच घालवली." वाइडचा विषय आमच्या घरात आजतागायत निघालेला नाही.

बकनरच्या नावावर २७१५ हिट्स आहेत, १९८०चं बॅटिंग टायटल (लीगमधली सर्वोत्तम बॅटिंग सरासरी) आहे. त्या रात्री घोटे दुखत असताना त्याला मैदानात ठेवलं ते मॅनेजरने. एरवी शेवटी त्याच्या जागी राखीव खेळाडू स्टेपलटनला पाठवायचे. ८ एप्रिल २००८ला बोस्टनच्या फेनवे मैदानावर मानाचा पहिला बॉल टाकायला बोलावलं तेव्हा सगळं स्टेडियम उभं राहिलं आणि हा डोळे पुसत होता. मी इथे टीव्हीसमोर तेच करत होतो.

हां, एरर (फिल्डिंगमधली चूक) ती होतीच, नाही म्हणत नाही. आणि बॉल अडवला असता तरी विल्सन पळायला इतका चपळ की आउट झालाच असता असं नाही.

तुम्ही क्लिप बघू नका, दोन आउटपासून पुढची अख्खी इनिंग बघा. गेल्या उन्हाळ्यात दादा बोस्टनला आला होता, त्याला तीच दाखवली. शेवटपर्यंत शांत बसून पाहिली. मग म्हणाला, "सगळं ठीक आहे रे. पण पाय जुळवायला काय झालं होतं?"