साडेआठशे वर्षं लाकूड टिकतं कसं?

प्रश्न: नॉर्वेतल्या बोर्गुंड गावच्या लाकडी चर्चचे फोटो बघितले. ११८० च्या आसपासचं आहे म्हणे! तिकडे एवढा बर्फ आणि पाऊस, तरी लाकूड कुजलं कसं नाही? आणि अशी चर्चेस आता इतकी कमी का?

उत्तर: खरी गंमत पायात आहे बघा. आधीच्या पिढीतले सुतार खांब सरळ जमिनीत पुरायचे, मग ओल लागून बुडखे कुजणारच. उर्नेस गावच्या चर्चखाली खोदकाम केलं तेव्हा अशाच जुन्या चर्चच्या खांबांचे खड्डे सापडले. मग कोणीतरी डोकं लढवलं, दगडी जोत्यावर जाड तुळया आडव्या टाकल्या आणि खांब त्यांच्यावर उभे केले, म्हणजे लाकूड मातीला शिवतच नाही. एवढ्या एका बदलाने इमारत शेकडो वर्षं जगली, मला तर हे फार थोर वाटतं.

बाकी पाइनचा राळेने भरलेला गाभा, खाचा आणि लाकडी खुंट्यांचे सांधे, वरून पाइनचंच डांबर, जे अजूनही अधूनमधून लावावं लागतं. बोर्गुंडला तर चारही बाजूंनी ओसरी आहे, त्यामुळे पाऊस आतल्या भिंतीपर्यंत पोचत नाही. आत मात्र अंधारच, मूळची उजेडाची सोय म्हणजे वर उंचावर छोटी गोल भोकं, बस्स.

आता कमी का उरली? एकेकाळी हजाराच्या वर असावीत असा अंदाज आहे, आज नॉर्वेत फक्त २८. पावसापेक्षा कायद्याने जास्त घात केला. १८५१ च्या कायद्यात म्हटलं होतं की चर्चमध्ये गावातली ३० टक्के माणसं मावली पाहिजेत, आणि ही तर चिमुकली, मग पाडा जुनं आणि बांधा मोठं असं सुरू झालं. वाईट वाटतं हो! वांग गावचं चर्च चित्रकार योहान क्रिस्तियान डाल यांच्या खटपटीने वाचलं पण १८४० च्या दशकात सुटं करून प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्यात नेलं, ते आज पोलंडमध्ये कारपाचला उभं आहे. बोर्गुंडचं नशीब चांगलं, १८६८ मध्ये नवीन चर्च शेजारीच बांधलं आणि १८७७ मध्ये जुनं चर्च वारसा जपणाऱ्या संस्थेने विकत घेतलं. ते आता म्युझियम म्हणून आतून बघता येतं.