शिडी आहे, मग मासे का घटले?

धरणाला माशांसाठी शिडी, म्हणजे मासे चढून जातील असा पायऱ्यापायऱ्यांचा पाण्याचा मार्ग, बांधली की प्रश्न मिटला, या समजुतीतून आलेली पत्रं काही थांबत नाहीत. म्हणून पुन्हा एकदा.

प्रश्न: पॅसिफिक सॅल्मन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो, विणीसाठी नदीत परततो आणि वीण झाल्यावर मरतोच. मग धरणापाशी मेला तर काय बिघडलं?

विणीनंतर मेलेली मादी नदीच्या तळातल्या खडीत हजारो अंडी ठेवून जाते. धरणापाशी मेलेली अंड्यांसकट जाते.

प्रश्न: अमेरिकेतल्या स्नेक नदीच्या खालच्या टप्प्यातल्या धरणांना शिड्या आहेत, मासे चढतानाही दिसतात. तरी तिथला सॅल्मन संकटात कसा?

कारण तुम्ही चढणारे मासे बघताय. उतरणाऱ्या पिल्लांचं काय?

समुद्राकडे निघालेलं बोटभर पिल्लू शिडी शोधत नाही. ते बहुधा तोंड उगमाकडे आणि शेपूट पुढे, असं प्रवाहाबरोबर येतं आणि पाणी ओढेल तिकडे, म्हणजे बऱ्याचदा टर्बाइनकडे जातं. तिथे पात्याचा फटका बसतोच, पण दाबही घात करतो. पात्यांमागे तो क्षणात कोसळतो आणि पोटातली हवेची पिशवी फुगून फाटते. जे वाचतं ते भोवंडलेल्या अवस्थेत बाहेर पडतं. खाली पक्षी आणि मोठे मासे टपलेलेच.

आणि हे धरणाच्या भिंतीपुरतं झालं. वरचा जलाशय वेगळाच वैरी. खाऱ्या पाण्यासाठी पिल्लाचं शरीर वाटेतच बदलत असतं, आणि त्या बदलाला मुदत असते. साचलेल्या पाण्यात प्रवाह मंदावतो, दिवस वाया जातात, मुदत टळते.

आयडाहोतल्या रेडफिश तलावातून निघालेल्या सॉकायच्या (सॅल्मनचीच एक जात) पिल्लासमोर अशी आठ धरणं आहेत. ‘एका धरणावर ९६ टक्के वाचतात’ या आकड्यावर खूश होणाऱ्यांनी जरा गुणाकार करावा. आठ धरणांनंतर शंभरातली ७२ उरतात, जलाशयातली मर त्यात धरलेलीच नाही. १९९२ साली त्या तलावात समुद्रातून एकच सॉकाय परतला होता.

उपाय आहे: पिल्लं उतरतात त्या हंगामात जास्त पाणी सांडव्यावरून सोडायचं. पण ‘सगळी दारं उघडा’ म्हणणाऱ्यांनीही थांबावं. उंचावरून कोसळणारं पाणी हवा खोल नेतं, विरघळलेला वायू प्रमाणाबाहेर जातो आणि माशांच्या परांत, डोळ्यांत बुडबुडे धरतात. किती विसर्ग, कुठल्या दारातून, किती तास, हे त्या धरणाखालचा वायू मोजणाऱ्या आणि पिल्लांचे पर तपासणाऱ्या मत्स्यशास्त्रज्ञानेच ठरवावं.

प्रश्न: यंदा विक्रमी मासे परतल्याची जाहिरात वाचली. संकट टळलं ना?

त्यातले नदीत जन्मलेले किती, ते विचारा. मत्स्यबीज केंद्रातल्या बऱ्याच माशांचा पाठीवरचा छोटा मांसल पर कापलेला असतो. मात्र सगळ्यांचा नाही, त्यामुळे नुसत्या नजरेने निकाल देऊ नका. जाहिरातीत ही फोड नसेल तर तो आकडा माझ्या लेखी शून्य.

प्रश्न: पाणी गरम होण्याचा धरणाशी काय संबंध?

जलाशयाचा वरचा थर उन्हात तापतो. तेच पाणी शिडीत आलं तर खालच्या गार पाण्यातून आलेला मासा बिचकून मागे फिरतो. २० अंश सेल्सिअसच्या पुढे त्याचे हाल सुरू होतात. २०१५च्या उन्हाळ्यात, स्नेक जिला मिळते त्या कोलंबिया नदीत लाखो सॉकाय मेले. खोलवरचं गार पाणी शिडीत सोडता येतं, पण तापमापक आधी बसवा. मासे मरायला लागल्यावर पंप मागवून उपयोग नाही.

प्रश्न: धरण पाडल्यावर मासे किती दिवसांत येतात?

अमेरिकेतल्या क्लॅमथ नदीवरच्या चार धरणांचं पाडकाम २०२४ मध्ये संपलं आणि त्याच ऑक्टोबरात चिनूक (हीही सॅल्मनची जात) जुन्या धरणांच्या जागा ओलांडून वर गेले. मासे येणं आणि संख्या सावरणं यांत पिढ्यांचं अंतर आहे. चिनूकची एक पिढी साधारण तीन ते पाच वर्षांची.

प्रश्न: आमच्या जमिनीतल्या ओढ्यावर जुना, निकामी बंधारा आहे. सॅल्मन त्याच्याखाली येऊन अडतो. आम्हीच फोडू का?

नाही. मागे साठलेल्या गाळाची खोली मोजा, त्यात जड धातू आहेत का ते तपासून घ्या. अंडी खडीत असताना गाळ सुटला तर खडीतल्या फटी बुजतात, प्राणवायू मिळत नाही आणि अंडी गुदमरतात. मत्स्यशास्त्रज्ञ, जलअभियंता आणि लेखी परवानगी, तिन्ही हातात आल्याशिवाय पहिला दगडही हलवू नका. आणि हा सल्ला पुढच्या हंगामावर ढकलू नका. परवानगीलाच एक हंगाम जातो.