सरकारने कमाल किंमत बांधूनही एकाच औषधाच्या किमतीत इतकी तफावत का असते?

सरकार औषधांच्या किमती ठरवते, कंपन्यांना अनुदानही देते, तरी एकाच घटकाची गोळी एका कंपनीची स्वस्त आणि दुसरीची कितीतरी महाग का, असे आपण विचारले आहे. नागपुरात औषधांचे दुकान चालवताना हा प्रश्न मला गिऱ्हाइकांनी वारंवार विचारला आहे.

अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतील औषधांना सरकार फक्त वरची मर्यादा घालते. 1995 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार ती उत्पादनखर्चावरून काढली जात असे. 2013 च्या आदेशाने ती पद्धत सोडली. आता बाजारात किमान 1 टक्का वाटा असलेल्या सर्व ब्रँडांच्या, दुकानदाराला पडणाऱ्या किमतींची सरासरी काढून तीत दुकानदाराचा 16 टक्के नफा मिळवला जातो. समजा, तीन ब्रँड दुकानदाराला 20, 50 आणि 80 रुपयांना पडतात. सरासरी 50, म्हणून कमाल किंमत 58 रुपये. सर्वांत महाग ब्रँडला खाली यावे लागते हे खरे, पण गोळी तयार करायला खर्च किती आला हे या हिशेबात कुठेच येत नाही, आणि ज्यांना आवर घालायचा तेच ब्रँड सरासरी वर ओढतात. तफावतीचे मूळ माझ्या मते इथेच आहे. यादीबाहेरच्या औषधांची तर सुरुवातीची किंमत कंपनीच ठरवू शकते. बंधन एवढेच की ती 12 महिन्यांत 10 टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही.

अनुदानाचा पैसा वेगळ्याच वाटेने जातो. कच्च्या मालासाठी चीनवर असलेले अवलंबित्व कमी व्हावे म्हणून 2020 मध्ये 6,940 कोटी रुपयांची उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजना आली. तिचा लाभ कारखान्याला मिळतो, आपल्या हातातल्या औषधाच्या पाकिटाला नाही. रुग्णाला थेट दिलासा मिळतो तो जनऔषधी केंद्रात, कारण तिथली किंमत आघाडीच्या तीन ब्रँडांच्या सरासरीच्या निम्म्याहून अधिक ठेवली जात नाही.

आपल्या विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत. त्यांना लागणारे हायड्रॉक्सीयुरिया यादीत आहे, तरी ते वर्षानुवर्षे रोज घ्यायचे असल्याने थोडी तफावतही घर पोखरते. म्हणून डॉक्टरांकडून घटकाचे नाव लिहून घ्यावे आणि ‘फार्मा सही दाम’ ॲपवर कमाल किंमत पाहावी. जास्त आकारणी आढळल्यास किमती ठरवणारे राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरण कंपनीकडून ती रक्कम व्याजासह वसूल करते. मात्र ती सरकारजमा होते, ज्या रुग्णाने ती मोजली त्याच्या हाती परत येत नाही, आणि या व्यवस्थेतली हीच गोष्ट मला सर्वाधिक खटकते.