योउथ्याओ फुगत नसतील तर आधी हात आवरा

तुमचा फसलेल्या योउथ्याओचा (चिनी न्याहारीतल्या, मैद्याच्या तळलेल्या फुगीर लांब कांड्यांचा) फोटो आणि प्रश्न बघून हसू आलं, राग मानू नका. शांघायहून पुण्याला परत आल्यावर वर्षभर माझ्या ताटातही हेच असायचं. बाहेरून लाल, आतून गच्च, आणि कुणी काही बोलू नये म्हणून मीच आधी ‘चहात बुडवा, छान लागतं’ म्हणायचे. तुम्ही लिहिलंय की दोन ब्रँडच्या बेकिंग पावडरी झाल्या, सोडाही वाढवला, तरी पट्ट्या चपट्या आणि लाकडासारख्या. पण मी थांबले ते तुमच्या पुढच्या वाक्यापाशी: ‘सकाळी फ्रिजमधलं पीठ काढून परत छान मळून घेतलं.’

माझ्या मते गोची तिथेच आहे.

आपल्या हातांना सवय पोळीची. कणीक भिजवून ठेवायची आणि लाटायच्या आधी तेलाचा हात लावून तिंबून घ्यायची. योउथ्याओला नेमकं हेच चालत नाही. मळताना पिठाला आलेला ताण रात्रभरात सैल पडतो. सकाळी पुन्हा मळलं की पीठ परत रबरासारखं ताठ होतं, मग तेलात पडल्यावर आतली वाफ आणि वायू कितीही ढकलोत, ते ताणलंच जात नाही. दोन पट्ट्या एकावर एक ठेवून फक्त मध्ये काडीने दाबतात तेही यासाठीच. एकमेकींना चिकटलेल्या बाजूंना तेल थेट लागत नाही, त्या थोडा वेळ मऊ राहतात आणि तेवढ्या वेळात पोट फुगतं. पीठ ताठ असेल तर ती सवलत फुकट.

हे मला कळायला वर्ष गेलं, कारण मी पैसे भरून एका ऑनलाइन क्लासला गेले होते. नाव घेत नाही. फोटो पाठवला की उत्तर ठरलेलं: ‘अजून मळा, ग्लूटेन तयार झालं नाहीये.’ मी अजून मळायचे, ते अजून दगड व्हायचे. शेवटी आठ दिवसांनी निरोप आला की तुमचा मैदा खराब आहे, आमच्याकडचा घ्या. घेतला. तोही दगड.

शेवटी फोनमधल्या जुन्या व्हिडिओत सापडलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी माझा मुलगा त्सफान खातोय (योउथ्याओभोवती चिकट भात गुंडाळलेला, शांघायचा सकाळचा नाश्ता), आणि मागे गाडीवाले काका. त्यांनी पिठाचा गोळा केलाच नाही. परातीतून गोधडी उचलावी तसं आडवं उचललं, फळीवर पसरलं, वरून हलकं थोपटलं, सुरीने कापलं. दोन वर्षं रोज सकाळी समोर उभी होते आणि बघितलंच नव्हतं!

तर माझं प्रमाण (मी शेफ नाही, घरचा अनुभव): मैदा 300 ग्रॅम, बेकिंग पावडर 6 ग्रॅम, सोडा 2, मीठ 4, चमचाभर तेल, पाणी साधारण 190 मिली. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल हवं. सगळं मळणं आदल्या रात्रीच, मधे पंधरा-वीस मिनिटं विसावा देत दोन-तीनदा. मग लांबट चपटं करून, तेल लावून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये. सकाळी गुंडाळलेलंच बाहेर काढून दोन तास ठेवा. पुण्याच्या मेमध्ये तासभर पुरतो. पट्ट्या दोन बोटं रुंद. वरचं सुकं पीठ झटका, मध्ये पाण्याची बारीक रेघ, त्यावर दुसरी पट्टी, मध्ये काडीने दाबा, ओढून लांब करा आणि तेलात. तेल 200 अंशांच्या आसपास. पहिलं मिनिट चॉपस्टिकने सतत फिरवत राहा, हे कुणीच नीट सांगत नाही.

तुम्ही विचारलंय की पारंपरिक पद्धतीत तुरटी घालतात ते खरं का. खरं आहे. तुरटी, खाण्याचा सोडियम कार्बोनेट आणि मीठ. तुरटी आणि कार्बोनेट भिडले की कार्बन डायऑक्साइड सुटतो. म्हणजे वडलांच्या दाढीच्या डब्यातला खडा आणि पापडखाराचा भाऊबंद, दोन्ही आपल्या ओळखीचे! पण त्यातून पिठात अ‍ॅल्युमिनियम उरतं. चीनमध्येच आता तळलेल्या पिठाच्या पदार्थांत किलोला 100 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. मी घालत नाही. बेकिंग पावडरच्या डब्यावरचे घटकही वाचून घ्या, काहींत अ‍ॅल्युमिनियम असतं. कुणी ‘अमोनिया’ सुचवेल, तो बेकरीतला अमोनियम बायकार्बोनेट. फुगतात झकास, पण तळताना घरभर असा वास सुटतो की सासूबाई खिडक्या उघडत फिरतात. आणि किराणा दुकानातून त्याऐवजी नवसागर आणू नका, ती वेगळी वस्तू आहे.

गार झालेले तव्यावर मंद आचेवर परतले तर बऱ्यापैकी कुरकुरीत होतात. मायक्रोवेव्हमध्ये चामडं होतं.

पुढच्या वेळी मळायचा मोह झालाच तर घरात कुणाला तरी फळीपाशी उभं करा. आमच्याकडे ते काम मुलगा करतो. मी मुठी वळल्या की ओरडतो, ‘आई, गोधडी!’