बायलॉमधला ‘बाय’ म्हणजे ‘उप’ नव्हे

मडगावहून एका वाचक बाईंनी विचारले आहे: ‘नगरसेवकाने कचऱ्यासंबंधी विधेयक मांडले, असे बातमीत वाचले. त्यावरून घरी वाद झाला. मुलगा म्हणतो, नगरसेवक कायदे करीतच नाहीत, ते काम आमदारांचे. मग पालिकेत जे मांडतात त्याला मराठीत काय म्हणायचे?’

बाई, ‘विधेयक’ साफ चूक. हा प्रयोग अलीकडे इतक्यांदा कानावर येतो की बातमी पुढे ऐकवत नाही. विधेयक मांडायचे ते पर्वरीला, विधानसभेत, तिथल्या 40 आमदारांपैकी कोणी तरी. पालिकेच्या सभेत मांडतात तो ठराव. एक सूचक, एक अनुमोदक, चर्चा, मंजुरी, इतिवृत्तात नोंद. आपल्या कोकणीत थाराव. ठरले ते ठराव, त्यात उकलून दाखवण्यासारखे काही नाही.

पण तुमच्या मुलाचेही मला पटत नाही. गोव्यात पणजीची एक महानगरपालिका आणि 13 नगरपालिका. पणजीला 2002 चा स्वतंत्र कायदा आहे, बाकीच्यांना 1968 चा. हे कायदे विधानसभेचे, हे खरे. मात्र त्यांनीच पालिकेला आपल्या हद्दीपुरते नियम करण्याचा अधिकार दिला आहे. मसुदा करायचा, लोकांच्या हरकती मागवायच्या, सरकारची मंजुरी घ्यायची आणि राजपत्रात छापायचा. त्याला सगळे ‘बायलॉ’ म्हणतात. संविधानाच्या 13व्या अनुच्छेदात ‘कायदा’ या शब्दात काय काय येते त्याची यादी आहे, आणि तीत अध्यादेश, आदेश यांच्या बरोबरीने हा बायलॉही आहे. तेव्हा ‘नगरसेवकाचे काम गटार आणि पथदीप एवढेच’ असे म्हणणाऱ्यांनी ती यादी एकदा वाचावी. साध्या ठरावाने पालिका स्वतःचे काम ठरवते. बायलॉ मोडला तर दंड तुम्हाआम्हाला होतो. हा फरक लहान नाही.

आता खरा मुद्दा. बायलॉला मराठीत छापील शब्द आहे ‘उपविधी’. शासन व्यवहार कोशाने तो रूढ केला, संविधानाच्या मराठी अनुवादातही तोच आहे, आणि हा शब्द चुकीच्या समजुतीवर उभा आहे असे माझे ठाम मत आहे. करणाऱ्यांनी ‘बाय’ म्हणजे दुय्यम, बाजूचा, असे धरले आणि उपनगराध्यक्षातला ‘उप’ आणून चिकटवला. पण तो ‘बाय’ इंग्रजीतले शब्दयोगी अव्यय नाहीच! तो उत्तरेकडच्या नॉर्स लोकांच्या भाषेतला ‘ब्यू’. अर्थ गाव, वस्ती. हे लोक इंग्लंडात येऊन राहिले आणि त्यांच्या गावांच्या नावांना तो शब्द कायमचा लागला: डर्बी, व्हिटबी, ग्रिम्स्बी. आपल्याकडे ‘वाडी’ लागते तसा. गावाने स्वतःसाठी घालून घेतलेला कायदा तो बायलॉ. तेराव्या शतकापासून हा शब्द इंग्रजीत आहे. पुढे बोलणाऱ्यांना मूळ आठवेनासे झाले, नेहमीचा ‘बाय’ त्यात दिसू लागला आणि दुय्यमपणाचा वास आला. तो वास आपण मराठीत भाषांतर करून घेतला.

आणि त्या ‘ब्यू’चे मूळ शोधत गेले की मला दर वेळी आनंद होतो. त्यामागे ‘राहणे, वस्ती करणे’ या अर्थाचा धातू आहे, आणि तो आपल्या ‘भू’ धातूचा सख्खा भाऊ. भूमी, भवन हे शब्द त्याच घरातले. म्हणजे बायलॉमधल्या ‘बाय’चे आपल्या भाषेतले नातलग शोधायचे तर ते ‘भवन’मध्ये सापडतात. ‘उप’शी त्याचा संबंध नाही.

एका कोशप्रेमी स्नेह्यांनी यावर मला बजावले की संस्कृतात ‘उप’चा पहिला अर्थ ‘जवळ’. उपनिषद, उपवास पाहा. आणि इंग्रजी ‘बाय’चाही अर्थ ‘जवळ’च, म्हणजे जोडी चपखल आहे. जोडी चपखल आहे, मान्य. पण ज्या ‘बाय’शी ती जुळवली तो इथे नाहीच. एकाच नावाच्या दोन माणसांपैकी भलत्याच्याच घरी पत्रिका द्यावी, तसे हे झाले.

मग शब्द कोणता? ‘नगरविधी’ अर्थाला बरोबर आहे, पण मला तो कोरडा वाटतो. आपल्या गोव्यात याहून जुना आणि मुरलेला शब्द पडून आहे: नेम. गावकारीत, म्हणजे गावची जमीन आणि कारभार मिळून पाहणाऱ्या जुन्या संस्थेत, गावकार एकत्र बसून जो निर्णय करीत तो नेम. पोर्तुगीज लेखकांनीही कोमुनिदादीविषयी, म्हणजे याच गावकारीविषयी, लिहिताना तो भाषांतरित केला नाही, ‘नेमो’ असे लिहून जसाच्या तसा उचलला. गावकारीचे रीतिरिवाज 1526 साली अफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने फोरालात, म्हणजे सनदेत, लिहून काढले. पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीपासून ही गावे बसून, बोलून, एकमत करून आपले नियम करीत होती. पोर्तुगिजांनी आपल्या कामाऱ्यासाठी, म्हणजे पालिकेसाठी, ‘पोश्तुरा’ हा शब्द आणला, म्हणजे घालून दिलेले. तो त्यांच्याबरोबर गेला. नेम राहिला.

‘नेम हा देवधर्माचा, व्रतवैकल्यांचा शब्द, तो पालिकेत कसा चालेल?’ असा आक्षेप एका निवृत्त अनुवादकांनी घेतला होता. त्यांनी मराठी जरा मोकळेपणाने ऐकावी. संस्कृत ‘नियम’ घासून ‘नेम’ झाला आणि मग घरभर फिरला. नेमणूक त्यातलीच. बेताने वागणारा नेमस्त. ‘पावसाचा काही नेम नाही’ म्हणतो तेव्हा त्यात व्रत कुठे आहे? ठरलेपणा आहे. मुळात आहे ‘यम्’, आवरणे, लगाम ओढून धरणे; सारथ्याला संस्कृतात ‘यन्ता’ म्हणतात तो त्यावरूनच. सगळ्यांनी मिळून धरलेला लगाम, याहून बायलॉचे वर्णन काय वेगळे करणार? म्हणून माझा शब्द ‘नगरनेम’. पंचायतीचा तो ‘गावनेम’.

पालिकेने बाहेरचा शब्द घेतला पाहिजे असे काही नाही, याचा पुरावा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळतो. पाटी घेऊन जमिनीवर बसलेल्या बाईसमोर पावतीपुस्तकवाला उभा राहतो, ती ओच्यातून नोट काढते, तो पातळसा कागद फाडून देतो आणि ती तो भाजीच्या जुडीखाली दाबून ठेवते. त्या पैशांना साऱ्या गोव्यात ‘सोपो’ म्हणतात. सोपो म्हणजे बसायची जागा, घरापुढच्या ओसरीतला, बाल्कांवातला, बांधीव बाक. मराठी घराचा ‘सोपा’ त्याचाच भाऊ असे मी धरतो. बसण्याच्या जागेचे पैसे म्हणून सोपो. या शब्दाला कोणी ‘उपवेशन शुल्क’ केले नाही, आणि पालिकेच्या कागदांत तो सुखाने नांदतो. सोपोला जागा आहे, तर नेमालाही आहे.

राहता राहिली तुमची कचऱ्याची बातमी. नगरसेवकाने नुसते ‘रोज दोनदा कचरा उचलावा’ म्हटले असेल तर त्याने ठराव मांडला. कचरा वेगळा न करणाऱ्याला दंड असे काही असेल, तर त्याने नगरनेमाचा मसुदा मांडला. बातमीत दंड होता की नाही, ते तेवढे कळवा.