कोल्हापुरात पोलिसांच्या बरोबरीने अपघातग्रस्तांना आणि गुन्ह्यातल्या पीडितांना मदत करायची आहे. नेमकं काय करावं लागतं? रक्त बघून मला चक्कर येते, तरी चालेल का?

तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे शेवटी येतो.

माझं उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप आहे. २०१९ च्या महापुरात तालमीतल्या पोरांबरोबर लोकांना बाहेर काढायला गेलो आणि तेव्हापासून हे मागे लागलं. पुरात माणसाला होडीत घेतलं की काम झाल्यासारखं वाटतं. अपघातात तसं नसतं. जखमीला उचलून गाडीत घालायला आपल्याकडे माणसं कमी पडत नाहीत, शिरोली असो की कागल, दहा जण धावतात. कमी पडतात ती पुढच्या आठ-दहा तासांत. नातेवाईक पोचतात, कुणाला विचारायचं कळत नाही, हातातला कागद कसला तेही कळत नाही. आमचं काम तिथलं.

एक उदाहरण सांगतो. हायवेवर रात्री मोटारसायकलला मागून धडक बसली, गाडी ठोकणारा पळून गेला. जखमीला सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी रुग्णालयात आणलं. पहाटे त्याची बायको आणि म्हातारे सासरे आले, कर्नाटकातल्या चिक्कोडीकडचे, दोघांनाही मराठी येत नव्हतं. हवालदार बिचारा जबाब घ्यायला बसलेला, पण प्रश्न एक आणि उत्तर भलतंच. मी वर्कशॉपमधल्या, कन्नड येणाऱ्या निपाणीच्या कामगाराला झोपेतून उठवून आणलं. त्यानं फक्त दोन्हीकडचं बोलणं इकडून तिकडे नेलं, तासाभरात सगळं मार्गी लागलं.

त्याच रात्री माझी मोठी चूक झाली. त्या बाईला मी म्हणालो, "काळजी करू नका ताई, काही होत नाही त्यांना." सकाळी सातला तो गेला. तिनं माझ्याकडे जसं बघितलं ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. आता मी असं कधी बोलत नाही. "डॉक्टर आत आहेत, मी इथंच बसलोय," एवढंच म्हणतो. आणि खरंच बसून राहतो.

पोलिसांचं काम कसं चालतं ते माहीत हवं, नाहीतर आपण मध्ये लुडबुड करतो. रुग्णालयातल्या चौकीतून ज्या ठाण्याच्या हद्दीत अपघात झाला तिथं वर्दी, म्हणजे खबर जाते. मग अंमलदार येतो, जबाब, पंचनामा, मृत्यू झाला तर मरणोत्तर पंचनामा आणि पीएम, म्हणजे शवविच्छेदन. यात वेळ जातो आणि नातेवाइकांना वाटतं की पोलीस मुद्दाम अडवतायत. बऱ्याचदा तसं नसतं, नुसतं कुणी सांगितलेलं नसतं. 'ही आमची हद्द नव्हे' असं ऐकायला मिळालं, तर दखलपात्र गुन्ह्याची तक्रार कुठल्याही ठाण्यात शून्य नंबरने नोंदवता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते स्पष्टच लिहिलंय. फिर्यादीची प्रतही मोफत मिळते. हे सांगताना आवाज चढवू नका. रात्रपाळीच्या अंमलदाराशी भांडून तुमचं समाधान होतं, त्रास त्या कुटुंबाला होतो.

पण एक भान ठेवा, आपण पोलिसांच्या बरोबर असलो तरी पोलिसांचे नव्हे. "त्यांना जरा समजावून सांगा, मिटवून घ्या म्हणावं" अशी गळ कुणी घातली तर मी चहा आणायला जातो.

पैशाचं बोलणं पहिल्या दिवशी काढायचं नाही, पण माहिती आपल्या डोक्यात हवी. ठोकून पळालेल्या गाडीचा पत्ताच लागला नाही, तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये सरकारी योजनेतून मिळतात. अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयाकडे. ही रक्कम २०२२ पासूनची आहे, आणि ती मिळते हे गावात फारसं कुणाला माहीत नसतं. गाडी सापडली तर मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा करायचा. कायद्यात त्याला ६ महिन्यांची मुदत लिहिलेली आहे. तेरावा, मासिक, असं करता करता ती कधी सरते कळत नाही. आणि दलाल! दवाखान्याच्या दारातच कोऱ्या वकीलपत्रावर सही मागणारे भेटतात. तेव्हा मी फक्त एवढंच म्हणतो, "आज कशावर सही करू नका, घरी जाऊन वाचा." वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे.

तुम्हाला रीतसर सुरुवात करायची असेल तर त्याच प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक म्हणून अर्ज करा. प्रशिक्षण आणि ओळखपत्र मिळतं, ठाण्यात गेल्यावर 'तुम्ही कोण?' याला उत्तर असतं. इंग्लंडात १९७४ साली ब्रिस्टल शहरात पीडितांना आधार देणारे स्वयंसेवक पहिल्यांदा संघटित झाले, पुढं ते देशभर पसरलं. आपल्याकडे असं एकसंध काही नाही, प्राधिकरण, महिला दक्षता समिती, तालमी, मंडळं, असं तुकड्या-तुकड्यांनी चालतं.

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात मात्र हौसेनं जाऊ नका. मी स्वतः जात नाही. तिथं १८१ या महिला हेल्पलाइनला फोन, पीडित महिलांसाठीचं सखी केंद्र, आणि मूल असेल तर बालकल्याण समितीनं नेमलेली सहायक व्यक्ती. नाव, गल्ली, शाळा, काहीही बाहेर बोलायचं नाही. अपघाताचे फोटोही नाहीत. एका घरी मुलगा गेल्याची बातमी पोलीस पोचायच्या आधी व्हॉट्सॲपच्या फोटोवरून पोचली होती. आईनं बूट ओळखले.

जखमीला दवाखान्यात नेताना घाबरू नका. मदत करणाऱ्यावर नाव सांगायची किंवा साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही, २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १३४-अ कलम त्यासाठीच आलं.

आता चक्कर. आमच्यात एक जण आहे, त्याला टाके बघितले तरी घाम फुटतो. तो कधी आत येत नाही. बाहेर बाकड्यावर बसतो, जवळ तीन प्रकारचे चार्जर, पाण्याच्या बाटल्या आणि एक वही. नातेवाइकांचा फोन बंद पडलेला असतो, कुणाला कळवायचं ते नंबर त्यातच अडकलेले. हा फोन चार्जिंगला लावतो, नंबर वहीत उतरवून घेतो, कुठल्या कागदाची प्रत कुणाकडे गेली ते लिहितो. मग वहीतलं ते पान फाडून त्यांच्याच हातात देतो. मी एखाद्या रात्री गेलो नाही तर चालतं, तो नसला की आमची पंचाईत होते.