पहिल्या मालाची मागणी नोंदवण्यापूर्वी
तुमचा पहिलाच अल्बम एलपीवर, म्हणजे विनाइलच्या तबकडीवर, काढून विकण्याची तुमची इच्छा मी समजू शकतो, परंतु 12 इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण 20 ते 22 मिनिटांचेच संगीत चांगल्या आवाजात मावते आणि कारखाने सहसा शेकड्यांतच मागणी स्वीकारतात, त्यामुळे सगळे भांडवल त्यात अडकते. त्याऐवजी मोजके टी-शर्ट आणि थोड्या कॅसेट घ्याव्यात. कॅसेटसोबत डाउनलोडचा कोड अवश्य द्यावा, कारण अनेकांकडे ती वाजवण्याचे यंत्रच नसते. कार्यक्रमात विक्रीचे टेबल बाहेर पडण्याच्या वाटेवर मांडावे, किमती ठळक लिहाव्यात आणि यूपीआयचा क्यूआर कोड छापून ठेवावा. ऑनलाइन विकायचे असेल, तर बँडकॅम्प हे संगीतविक्रीचे संकेतस्थळ वस्तूंच्या विक्रीवर 10 टक्के घेते. टपालखर्च मात्र पार्सलचे प्रत्यक्ष वजन करूनच ठरवावा.